धुरीघराची पाटी आणि तीन तारे

मी एक जुनी पाटी आहे. दप्तरातली नव्हे मित्रांनो, दुकानाच्या दारातली. दोन फळ्या वरच्या अंगाला बिजागरीने जोडलेल्या, खाली पाय फाकवून उभ्या, आणि अंगाला काळा रंग. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, जटलंडात, क्लिटहावन नावाचं एक लहानसं बंदर आहे. माझं सगळं आयुष्य तिथे गेलं. सकाळी आतून बाहेर आणि संध्याकाळी बाहेरून आत, एवढाच माझा प्रवास. तरी मला बरंच काही माहीत असतं, कारण दारात उभं राहणाऱ्याच्या कानावर सगळंच पडतं.

माझा जन्म एका मोडीत काढलेल्या मासेमारी बोटीतून झाला. लॉरिट्सने तिच्या डेकवरच्या ओकच्या फळ्या मागून आणल्या, त्यांना रंधा मारला, रंग दिला आणि मला आपल्या बायकोच्या धुरीघरासमोर उभं केलं. गुड्रून त्याच्या बायकोचं नाव. धुरीघर म्हणजे माशांना धुरी देऊन विकायचं दुकान. मागे विटांची भट्टी, पुढे काउंटर, दाराशी एक बाक. भट्टीत बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा धूर तासन्‌तास कोंडून ठेवतात आणि आत टांगलेला बांगडा हळूहळू तांबूस होतो. तर लॉरिट्सने मला उभं केलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि गुड्रूनला विचारलं, "कशी आहे?"

गुड्रून म्हणाली, "वाईट नाही."

आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ याच दोन शब्दांनी घातला. जटलंडातला माणूस खूश झाला की आवाज चढवत नाही, उलट उतरवतो. 'उत्तम', 'अप्रतिम' असले शब्द इथे कुणी वापरत नाही. वापरलेच तर समोरच्याला वाटतं, हा आपल्याला काहीतरी विकायला आलाय. क्रेस्टेन नावाचा एक जाळी विणणारा आमच्या बाकावर रोज येऊन बसायचा. त्याला मुलगी झाली तेव्हा तो पाळण्यात डोकावून म्हणाला होता, "वाईट नाही." ते ऐकून त्याच्या बायकोचे डोळे भरून आले होते.

माझ्या कामाबद्दल सांगते. गुड्रून रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायची आणि खडूने लिहायची. तिचं अक्षर मोठं आणि मजकूर छोटा. "आज बांगडा आहे." "वाम संपली." "दार ओढा. ढकलून उघडत नाही." एकदा कुणा पाहुण्याने काट्यांबद्दल कुरकुर केली, तर दुसऱ्या दिवशी माझ्यावर आलं, "माशात काटे असतात." लॉरिट्स वारला त्या दिवशीही तिने मला बाहेर ठेवलं होतं. "आज बंद." एवढंच. लोक येऊन वाचत होते, टोपी काढत होते आणि परत जात होते. त्याला आता अकरा वर्षं झाली.

खरं सांगायचं तर माझे सुखाचे दिवस रस्त्यामुळे होते. किनाऱ्यावर सुट्टीला जाणारी प्रत्येक गाडी बंदरावरून जायची. गाडीतली मुलं मला मोठ्याने वाचायची, मग गाडी थांबायची. पुढे नवा रस्ता झाला, तीन किलोमीटर आतून. गाड्या तिकडून जाऊ लागल्या. मी पूर्वीइतकीच नीट उभी राहत होते, पण वाचायला कुणी नव्हतं. गावातले लोक मात्र येत राहिले. ते काही पाटी वाचून येत नव्हते.

गावावर दुकान चालेना. गुड्रूनने एप्रिलमध्येच ठरवून टाकलं, की या उन्हाळ्यात बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर भट्टी विझवायची. हे तिने फक्त भाचीला सांगितलं. सिग्ने तिच्या भावाची मुलगी, ऑर्हुस शहरात एका दंतवैद्याकडे कामाला होती. ती पुढच्याच शनिवारी गाडी काढून आली आणि फोन उघडून माझ्या शेजारी बाकावर बसली.

"आत्या, फोनवर दुकानाचं पेज काढू या. आजकाल लोक रस्त्यावरून नाही, फोनमधून येतात."

"येऊ देत कुठूनही," गुड्रून म्हणाली.

"दुकानाचं नाव काय लिहू?"

"नाव कशाला? एकच तर दुकान आहे."

"पेजला नाव लागतंच. 'गुड्रूनचं धुरीघर' लिहिते."

"माझं नाव लावायला मी कोण लागून गेले? 'धुरीघर, क्लिटहावन' लिही."

"बरं. आता माहिती. लोकांनी आपल्याकडेच का यावं?"

"भूक लागली असेल तर येतील."

"आत्या!"

"मग लिही, मासे विकतो."

"अगं, सगळेच मासेवाले मासे विकतात."

"तेच म्हणतेय मी," गुड्रून म्हणाली आणि आत गेली.

वेळेवरूनही वाद झाला. गुड्रूनचं म्हणणं, धुराड्यातून धूर निघाला की दुकान उघडं, हे गावातल्या मांजरांनाही कळतं. पेजला ते कळेना, त्याला घड्याळच हवं होतं. शेवटी दहा ते पाच ठरलं. मग फोटो. सिग्नेने फोन वर धरला तशी गुड्रूनने पाठ फिरवली. दोनदा असं झाल्यावर सिग्नेने कंटाळून माझाच फोटो काढला. त्या दिवशी माझ्यावर "आज बांगडा आहे" असं लिहिलेलं होतं. अशा रीतीने मी त्या पेजचा चेहरा झाले. मित्रांनो, मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं मी फार तर बंदराच्या कोपऱ्यापर्यंत दिसत होते. आता म्हणे मी कोपनहेगनलाही दिसणार होते.

क्रेस्टेन बाकाच्या दुसऱ्या टोकाला राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर बांगडा ठेवून खात बसला होता. सिग्ने त्याच्याकडे वळली.

"क्रेस्टेनकाका, तुझ्याकडे फोन आहे ना? पेजवर तारे दे. गावातल्यांनाही सांग."

"किती देऊ?"

"पाचपैकी. तुला वाटतील तेवढे."

इथेच सिग्नेचं चुकलं. शहरात राहून तिला गावाचा विसर पडला होता.

क्रेस्टेनने संपूर्ण बांगडा खाऊन होईपर्यंत विचार केला. मग हात पुसले, चष्मा लावला आणि तीन तारे दिले. खाली लिहिलं, "वाईट नाही." त्याने सांगितल्याप्रमाणे गावानेही काम केलं. शाळेतल्या एल्सेबाईंनी तीन दिले. बंदरातली क्रेन चालवणाऱ्याने तीन दिले आणि "खाता येतं" असं लिहिलं. चर्चच्या पाद्रीबाईंनी फार विचार करून तीन दिले. पंधरा दिवसांत अठरा जणांनी तारे दिले आणि एकानेही चार दिले नाहीत. प्रत्येकाला वाटत होतं, आपण गुड्रूनसाठी काहीतरी केलं.

मग एका सकाळी सिग्नेचा फोन आला. गुड्रून दारात उभी राहून फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"आत्या, एकाने दोन तारे दिलेत. कोण आहे म्हणून बघितलं, तर नाव तुझं दिसतंय!"

"मीच दिलेत."

"स्वतःच्या दुकानाला? दोन?"

"मग काय पाच देऊ? लोकांनी तीन दिल्यावर मी एक कमीच द्यायला हवा. शोभतं का ते?"

मग सिग्नेने समजावून सांगितलं, की बाहेरचे लोक तीन तारे पाहिले की गाडी वळवतात. तीन म्हणजे तिकडे नापास. गुड्रूनने "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते 'हं' मला आवडलं नाही.

जूनमध्ये कोपनहेगनचं एक जोडपं आलं. मी "आज वाम आहे" असं सांगत उभी होते. बाई आत गेल्या आणि बांगडा मागू लागल्या.

"आज वाम आहे," गुड्रून म्हणाली. "बाहेर लिहिलंय."

"पण पेजवर तर आज बांगडा आहे!"

"ते एप्रिलमधलं आज आहे."

ती दोघं काही न घेता गेली. संध्याकाळी पेजवर एकच तारा आला आणि त्याखाली, "इथली पाटी खोटं बोलते." मी पावसात उभी राहिले आहे. वाऱ्याने मला तीनदा पाण्यात नेऊन टाकलं आहे. एका कुत्र्याबद्दल तर मी बोलतही नाही. पण खोटारडी मला कुणी म्हटलं नव्हतं. ते मला फार लागलं, आणि पेजमध्ये जाऊन स्वतःला पुसून घेण्याची काही सोय नव्हती.

त्यानंतर मी डोळ्यांनी पाहिलं. परगावची एखादी गाडी बंदरावर यायची, आतली माणसं फोन बघायची, एकमेकांना दाखवायची आणि गाडी मागे घ्यायची. उत्तरेच्या बंदरावर कुणाच्या तरी दुकानाला पावणेपाच तारे होते. तिकडे जायची.

पण गिऱ्हाईक गेल्याचं दुःख मला त्या मानाने कमीच वाटलं. मला गुड्रूनची काळजी वाटू लागली. काउंटरवर कुणी नसलं की ती फोन उघडून तेच ते वाचायची. क्रेस्टेन समोर बसून मान हलवत "वाईट नाही" म्हणायचा, तेव्हा त्या शब्दांना त्याची मान होती, बोटांना लागलेलं तेल होतं, पुन्हा पावाकडे जाणारा हात होता. फोनवर ते दोन शब्द नुसतेच पडले होते, तीन ताऱ्यांखाली, थंडगार. एके सकाळी मला पुसता पुसता ती स्वतःशीच म्हणाली, "वाईट नाही. म्हणजे चांगलंही नाहीच की." तिचं फडकं माझ्यावर एकाच जागी फिरत राहिलं. तीस वर्षं जे आपण कौतुक समजत होतो ते नुसतं सभ्यपणाचं बोलणं असेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मला तोंड असतं तर मी बोलले असते. पण माझ्यावर कुणी लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही.

जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी तिने लिहिलं, "शनिवारी शेवटचा धूर."

क्रेस्टेन आला. त्याने वाचलं. ओठ हलवून पुन्हा वाचलं. मग आत गेला, नेहमीचा बांगडा घेतला, बाकावर बसून खाल्ला आणि सायकलवर बसून निघून गेला. एल्सेबाईंनी वाचलं, फोनने माझा फोटो काढला आणि त्याही गेल्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, असंच चाललं. सगळं गाव येऊन वाचून गेलं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. गुड्रून काचेआडून बघत होती. तिला जे वाटत होतं ते खरंच होतं, असं आता तिला वाटू लागलं. कुणाचं काही अडणार नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने मला बाहेर आणलं तेव्हा रांग लागलेली होती. दारापासून बाकापर्यंत, बाकापासून क्रेनपर्यंत, तिथून वळून मासळीच्या लिलावघराच्या भिंतीपर्यंत. सिग्ने भल्या सकाळी ऑर्हुसहून धावत आली होती, कारण एल्सेबाईंनी तो फोटो पेजवर टाकला होता. ती आत कागदात मासे बांधू लागली. प्रत्येक जण काउंटरशी यायचा, मासा घ्यायचा, उगाच काहीतरी हवेबद्दल बोलायचा आणि पिशवी घट्ट धरून बाहेर यायचा. बाहेर आल्यावर मात्र कुणी घरी जाईना. सगळे माझ्या आजूबाजूला घोळका करून उभे राहिले.

क्रेस्टेनची पाळी आली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

"नेहमीचं," तो म्हणाला.

गुड्रूनने बांगडा ठेवला. क्रेस्टेनने तो उचलला नाही. टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "वाईट नव्हतं, गुड्रून."

मित्रांनो, तुम्ही शाळेत वर्तमानकाळ आणि भूतकाळ शिकता ना? 'नाही'चं 'नव्हतं' होतं, बस्स, एवढंच तर असतं ते. पण गुड्रूनच्या हातातला चिमटा खाली पडला.

"तीन तारे दिलेस की तू," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तीस वर्षं खातोयस आणि तीन!"

"तीनच," क्रेस्टेन चकित होऊन म्हणाला. "वाईट असतं तर रोज आलो असतो का?"

"मग पाच का नाही दिलेस?"

"पाच?" त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं, जणू पाच म्हणजे काय हे तिथे कुणाला माहीत असेल. "पाच कुणी देतं का? मग पुढे सुधारायला जागा कुठे राहिली?"

"मी कुणालाच पैकीच्या पैकी देत नाही," दारातून एल्सेबाई म्हणाल्या. "माझ्या स्वतःच्या मुलालाही दिले नाहीत."

"मला वाटलं, चालतंय म्हणून खाताय," गुड्रून म्हणाली. "जवळ पडतं म्हणून."

"जवळ?" आता क्रेस्टेनला राग आला. "मी टेकाडापलीकडे राहतो, गुड्रून. येताना पाच किलोमीटर वारा समोरून असतो. माझ्या घरासमोर सुपरमार्केट आहे, त्यात मासा मिळतो. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुठे आलो होतो? इथेच ना? दुसरीकडे कुठे जाणार होतो मी?"

एवढं सलग बोललेला क्रेस्टेन गावाने कधी पाहिला नव्हता. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. सिग्ने कागद हातात धरून रडत होती. गुड्रून मात्र रडली नाही. तिने वाकून चिमटा उचलला, तो धुतला, जागेवर ठेवला. मग फडकं घेऊन बाहेर आली. घोळका बाजूला झाला. तिने मला वरपासून खालपर्यंत पुसलं, खडू शोधला आणि लिहिलं, "मंगळवारी बांगडा."

क्रेस्टेनने ते वाचायला चष्मा लावला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगते. सिग्नेने पेजवर लिहायला "जटलंडातलं सर्वोत्तम धुरीघर" असं एक वाक्य तयार केलं होतं. गुड्रूनने ते खोडलं आणि स्वतः सांगितलं ते लिहायला लावलं, "इथले लोक तीन तारे देतात. त्यांना त्याहून जास्त देता येत नाहीत. येऊन खा आणि तुमचं तुम्ही ठरवा." ते वाचून लोक हसले, एकमेकांना दाखवू लागले, आणि ऑगस्टमध्ये नव्या रस्त्यावरून गाड्या आत वळू लागल्या. उत्तरेच्या बंदराएवढं नाही, पण भट्टीला पुरेल इतकं गिऱ्हाईक झालं. बाहेरचे पाच तारे देतात. गुड्रून ते वाचते आणि लाजून फोन पालथा घालते. क्रेस्टेनने आपले तीन बदललेले नाहीत. तिनेही त्याला बदलू दिले नसते.

माझं म्हणाल, तर मी आता थकले आहे. बिजागरी गंजली आहे, एका फळीचा खालचा कोपरा कुजला आहे. पेजवर रोज नवा मजकूर येतो, त्यामुळे मला बाहेर न्यायचं कधी कधी राहून जातं. सिग्ने म्हणते, नवी हलकी पाटी आणू या. पण परवा गुड्रूनने माझ्या कोपऱ्याला तेल चोळलं. जुन्या लाकडाला एवढं पुरतं. ओलं करून तसंच उन्हात ठेवू नका, वर्षातून एकदा तेल द्या, ते तुमच्या नातवंडांपर्यंत उभं राहील.

माणसांचं तसं नाही, मित्रांनो. तुमच्याही वाटेवर कुणीतरी असेल. सायकलची चेन नीट बसवून देणारा, शाळेबाहेर पेरू कापून मीठ लावणारी, तुम्ही ज्यांच्याकडे रोज जाता आणि ज्यांना कधी काही म्हणत नाही अशी. ती माणसं आपल्या मनातलं ऐकू शकत नाहीत. तारे देऊ नका हवं तर, मोठे शब्दही नकोत. पण आज जाऊन सांगा. 'होतं' म्हणायला सगळं गाव रांग लावून येतं. 'आहे' म्हणायला तुम्ही एकटे गेलात तरी पुरतं.